रोजची नेसरी-गडहिंग्लज : डिझेल की पेट्रोल?

नेसरीचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते प्रतापराव गुजरांमुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी बहलोलखानाच्या फौजेवर ते सहा साथीदारांसह इथंच तुटून पडले. त्यांचं स्मारक बघायला लांबून लोक येतात. गावात राहणाऱ्याला मात्र रोज पडणारा प्रश्न रस्त्याचा असतो. गडहिंग्लज वीसेक किलोमीटर, बेळगाव चाळीसेक, कोल्हापूर ऐंशीच्या पुढं. नोकरी, कॉलेज, कोर्ट, मोठा दवाखाना, सगळं या रस्त्यांच्या दुसऱ्या टोकाला. एसटी आहे, पण रात्रपाळी सुटते त्या वेळेला ती असेलच असं नाही. मग घरात चारचाकीची भाषा सुरू होते आणि पहिल्याच दिवशी घराचे दोन पक्ष पडतात.

त्यातले दोन पक्ष इथं मांडतो. एक तात्या. त्यांनी उमेदीची वर्षं नेसरी-गडहिंग्लज रस्त्यावर ट्रॅक्सचं वडाप केलं. दुसरी त्यांची पुतणी, गडहिंग्लजच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे, पाळीनं ड्यूटी करते आणि पगारातून हप्ता भरून गाडी घेणार आहे. संवाद मी रचलेला आहे. त्यातले दर, कर आणि यंत्राचं वागणं मात्र जसं आहे तसं ठेवलंय.

तात्या : पोरी, चारचाकी घ्यायची तर पेट्रोल कशाला? आपल्या घरात पेट्रोल गेलं ते मोटरसायकलीत. ट्रॅक्सनं डिझेल पिऊन घर बांधून दिलं, तुझ्या बाबाचं लग्न लावलं. दिवसाला चार खेपा, पाठीमागं टपावर पोती, तरी गाडी कुरकुरली न्हाई.

पुतणी : तात्या, ट्रॅक्सला मी नावं ठेवत नाही. पण तुम्ही गाडीत माणसं भरून पैसे मिळवायचा. मी एकटी बसून जाणार, एकटी येणार. माझी गाडी कमावणार नाही, नुसती खाणार.

तात्या : खाणारच हाय तर स्वस्तातलं खाऊ दे की. डिझेल स्वस्त, वर लिटरला चार किलोमीटर जास्त देतंय. ह्यात विचार करण्यासारखं काय हाय?

तात्यांचं हे गणित ज्या काळात पाठ झालं, त्या काळात ते शंभर टक्के खरं होतं, हे आधी मान्य करायला हवं. जून २०१० मध्ये सरकारनं पेट्रोलचा दर बाजारावर सोडला आणि डिझेलचा मात्र धरून ठेवला. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होतं. लिटरमागं ३२ रुपयांचा फरक! पेट्रोलची गाडी १५ आणि तीच डिझेलची १९ चालते असं धरलं, तर पेट्रोलला किलोमीटरमागं पावणेपाच-पाच रुपये पडायचे आणि डिझेलला सव्वादोनच्याही आत. त्या वर्षांत देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या, याचं नवल वाटायला नको. शेतकऱ्याच्या पंपासाठी आणि एसटीच्या बससाठी स्वस्त ठेवलेलं तेल शहरातल्या मोटारींच्या टाकीत जात होतं.

मग जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी डिझेल चढवायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचाही दर बाजारावर सोडला. जून २०१७ पासून दोन्हींचे दर रोजच्या रोज ठरू लागले. २४ जून २०२० या दिवशी तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. मार्च २०२४ मध्ये लिटरला दोन रुपये उतरल्यावर कोल्हापूर जिल्ह्यात पेट्रोल एकशे चार-पाचच्या आणि डिझेल एक्क्याण्णवच्या आसपास घुटमळत राहिलं. पुढच्या हिशेबाला १०५ आणि ९१ धरू. बत्तीसचा फरक चौदावर आला आहे.

पुतणी : चौदा रुपये म्हणजे काहीच नाहीत असं मी म्हणत नाही. पण तात्या, डिझेलची कुठली गाडी घेऊ ते सांगा.

तात्या : स्विफ्ट घे की. डिझायर घे. अख्ख्या तालुक्यात त्याच पळतायत.

पुतणी : त्या जुन्या. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं. ते फियाटचं तेराशे सीसीचं इंजिन, स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत सगळ्यांत बसायचं, ते गेलं. अल्ट्रोझ सोडली तर डिझेलची छोटी गाडीच आता कुणी करत नाही. डिझेल हवं तर नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ नाहीतर बोलेरो.

तात्या : मग बोलेरो घे. बोलेरोसारखी गाडी न्हाई.

पुतणी : एका माणसाला बोलेरो?

माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून इथं थोडं थांबतो. पेट्रोल की डिझेल असं विचारताना आपण मनात एकच गाडी धरतो आणि तिच्या पोटात दोन वेगळी इंजिनं बसवून बघतो. २०१२ मध्ये ते बरोबर होतं, कारण तीच स्विफ्ट दोन्हीत मिळायची. आज तसं उरलेलं नाही. बीएस-६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. बीएस-४ डिझेल मोटारीला किलोमीटरमागं २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती साडेचारवर आली. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० वरून ८० वर आली. एवढं साधायचं तर डिझेल इंजिनाला धूर गाळणारी जाळी आणि वायू निवळणारी यंत्रणा लावावीच लागते. हा खर्च पंधरा लाखांच्या गाडीत जिरतो, सहा लाखांच्या गाडीत जिरत नाही. म्हणून छोटी डिझेल गाडी बाजारातून गेली. म्हणजे गावात आज डिझेल निवडणारा माणूस नकळत मोठी गाडी निवडतो, आणि त्या मोठेपणाचे पैसे डिझेलच्या बचतीतून निघतील अशी स्वतःची समजूत घालतो.

हिशेब मांडून बघू. पुतणीचं रोजचं जाणं-येणं चाळीस किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे वर्षाला बारा हजार. पेट्रोलची छोटी गाडी १९ चालली तर किलोमीटरला साडेपाच रुपये. डिझेलची उंच गाडी १८ चालली तर पाच रुपये सहा पैसे. फरक सत्तेचाळीस पैशांचा. वर्षाला साडेपाच हजारांच्या जरा वर. आता किमती. मधल्या प्रतीची छोटी पेट्रोल गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेसात लाख आणि उंच डिझेल गाडी अकरा लाख धरली, तर साडेतीन लाख जास्त गुंतले. ते कर्जाऊ असतील तर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच तीस हजारांच्या आसपास जातं. साडेपाच हजार वाचवायला तीस हजार व्याज!

तात्या : हा हिशेब तू तुला पाहिजे तसा मांडलास. लहान गाडी आणि मोठी गाडी एका तराजूत घातलीस. तीच नेक्सॉन पेट्रोलची घे आणि मग बोल.

पुतणी : बोलते की. तीच गाडी पेट्रोलची १५ चालली तर किलोमीटरला सात रुपये. डिझेलची पाच रुपये सहा पैसे. एक रुपया चौऱ्याण्णव पैसे वाचले. बारा हजार किलोमीटरला तेवीस हजार.

तात्या : बघ! तेवीस हजार काय झाडाला लागतात?

पुतणी : आता त्याच गाडीच्या डिझेलला सव्वा लाख जास्त द्यायचे. आरटीओत दहा लाखांपर्यंतच्या गाडीला पेट्रोलला ११ टक्के कर, डिझेलला १३. तो त्यात आलाच. सव्वा लाख फिटायला साडेपाच वर्षं लागली. तोवर बॅटरी, टायर, क्लच सगळं एकदा बदलून झालेलं असतंय.

तात्या : सहाव्या वर्षापासून तर फायदा?

पुतणी : सहाव्या वर्षी गाडी तीच राहिली आणि माझी बदली कोल्हापूरला झाली नाही, तर.

एक बदल यात तात्यांच्या बाजूनं झालाय, तोही सांगायला हवा. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीवर जीएसटी आणि उपकर मिळून २९ टक्के होते, डिझेलवर ३१. त्या दिवसापासून दोन्हींवर १८ टक्के झाले. दिल्लीनं दोघांना सारखं केलं, मुंबईनं आपला दोन टक्क्यांचा फरक ठेवला.

तात्या : पैशाचं राहू दे. यंत्राचं बोलू. डिझेल इंजिन म्हणजे दणकट. त्येला प्लग न्हाई, कॉइल न्हाई. हवा दाबायची, डिझेल मारायचं, पेटलं.

पुतणी : ट्रॅक्सचं तसं होतं.

तात्या : ट्रॅक्सचं काय, सगळ्यांचं तसंच. एकदा महागावच्या पुढं डिझेल संपलं. कॅन आणून ओतलं तरी गाडी सुरू होईना, लाइनीत एअर धरलेली. फिल्टरवरचा बोल्ट पान्यानं सैल केला, हातपंप मारत बसलो. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग सलग तेलाची धार. बोल्ट आवळला, हीटर दिला, एका सेल्फात सुरू. आत बसलेल्या बायका उतरल्यासुद्धा न्हाईत. असलं काम तुझ्या त्या पेट्रोलच्या गाडीत तुला जमंल?

पुतणी : मला नाही जमणार. खरं तात्या, आताच्या डिझेलमध्ये तुम्हालाही नाही जमणार. तुमच्या वेळी नोझलचं काम निघालं तर गडहिंग्लजच्या गॅरेजवाला काढून, दाब बघून, दुपारपर्यंत परत बसवायचा. आता इंजेक्टरला दीड-दोन हजार बारचा दाब असतो. तो कॉम्प्युटर लावल्याशिवाय उघडत नाहीत. एक इंजेक्टर गेला तर तुमच्या ट्रॅक्सचं अख्खं पंप-नोझल काम झालं असतं त्याहून जास्त पैसे.

हा मुद्दा मला पटतो, आणि त्याचं थोडं वाईटही वाटतं. डिझेल इंजिन हे आपल्या भागाच्या हाताला बसलेलं यंत्र होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी ऑइल इंजिनं घडवली. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली आणि नदीकाठच्या विहिरींवर ठोके देणारी ती हिरवी इंजिनं पोचली. वीज यायच्या आधी ऊस त्यांच्यावर भिजला. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये आउग्सबुर्गला चालवून दाखवलेल्या यंत्राची ही वंशावळ. त्यात ठिणगी लागत नाही. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती एवढी तापते की फवारलेलं तेल आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिनात हा दाब दहा-बारा पटींच्या आसपास. जास्त दाबामुळं डिझेल तेलातली ताकद जास्त काढून घेतं. शिवाय लिटरमागं डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त ऊर्जा असते. मायलेजचं गुपित एवढंच. ते आजही बदललेलं नाही. बदललं ते इंजिनाभोवतीचं सामान, आणि त्या सामानाला गावातला मिस्त्री हात लावू शकत नाही.

पुतणी : आणि ती जाळी, तात्या. डीपीएफ. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली असते. काजळी तिच्यात साठते आणि ती जाळायला इंजिन बराच वेळ एका चालीनं गरम पळावं लागतं. माझ्याबरोबरच्या एका डॉक्टरांची गाडी गावातल्या गावात फिरते. सारखा दिवा लागतोय म्हणतात.

तात्या : गावातल्या गावात फिरवली तर लागणारच. तू कुठं गावात फिरवणार हाईस? नेसरीतून निघालीस की पंधरा-वीस मिनिटं गाडी टॉपवर. मुंबई-पुण्याचं भ्या नेसरीला कशाला आणतीस?

इथं तात्या बरोबर आहेत. डीपीएफची धास्ती मुख्यतः शहराची आहे. तिथं दोन सिग्नलमधलं अंतर फर्लांगभर असतं, इंजिन नीट तापायच्या आत ऑफिस येतं. आपल्याकडं वीस किलोमीटर सलग पन्नास-साठच्या चालीनं गेलं, तर जाळी आपली आपण साफ होत राहते. अडचण येते ती गळिताच्या हंगामात. हरळीच्या कारखान्याच्या बाजूनं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर पुढं लागला, समोरून दुसरा आला, की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रांगत जायचं. पण तेही हंगामापुरतं, आणि रात्रपाळीला रस्ता मोकळा मिळतो.

एक सवय मात्र डिझेलवाल्यानं लावून घ्यायला हवी. जाळी साफ करायला इंजिन जादा डिझेल मारत असतं, आणि नेमकं त्याच वेळी दवाखान्याच्या दारात पोचून किल्ली फिरवली, असं पुन्हा पुन्हा होत राहिलं, तर न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढावी, फडक्यानं पुसून परत घालून बघावी. ऑइल एरवी कमी होत जातं. इथं ते वरच्या खुणेच्याही वर चढलेलं दिसतं आणि बोटाला पातळ लागतं, वासाला डिझेल येतं. ऑइल वाढलं म्हणून आनंद मानणारे लोक मी पाहिले आहेत. ते बदलायची ती वेळ असते.

तात्या : बरं, ओझ्याचं बोल. दिवाळीला आपण सगळे आंबोली उतरून सावंतवाडीला जातो. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. परत येताना तुझी बाराशे सीसीची गाडी घाट चढताना रडणार.

पुतणी : रडणार नाही, गिअर टाकावा लागेल. पण त्यात डिझेल चांगलं, हे मला मान्य आहे.

मान्य करायलाच हवं. बाराशे सीसीच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा जोर एकशे दहा-पंधरा न्यूटन मीटर, तोही चार हजार फेऱ्यांच्या पुढं. दीड हजार सीसीचं डिझेल अडीचशेच्या आसपास देतं आणि दीड-दोन हजार फेऱ्यांवरच देऊन टाकतं. चढावर मागून कुणी ढकलतंय असं वाटतं ते यामुळं. वर्षातून दोनदा लागणाऱ्या या जोरासाठी बाकीचे दिवस किती मोजायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी एवढंच म्हणेन की दिवाळीला घाट चढायला लागणारी वाढीव दहा मिनिटं साडेतीन लाखांची नसतात.

तात्या : आणि पाऊस? घटप्रभेला पाणी आलं की रस्त्यावर येतं. पेट्रोलच्या गाडीचा प्लग भिजला की बसली. डिझेल गुडघाभर पाण्यातनं काढलंय मी.

पुतणी : तुम्ही काढलंय, कारण ट्रॅक्सची हवेची नळी उंच होती आणि तारांचं जाळं नव्हतं. आताच्या दोन्ही गाड्यांत सीटच्या खालपर्यंत वायरी आहेत.

याही बाबतीत जुनी समजूत धोक्याची झाली आहे. ठिणगी नसल्यामुळं डिझेल इंजिन ओलाव्याला कमी भितं, हे खरं. पण हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पाणी दाबलं जात नाही आणि पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये दाब जास्त, म्हणून मोडतोडही मोठी. पाण्यात बंद पडलेली गाडी, कुठल्याही तेलाची असो, पुन्हा सेल्फ मारू नये. ढकलून बाहेर काढावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर जिल्ह्यातल्या गॅरेजांत जी इंजिनं उघडली गेली, त्यातली अनेक एका सेल्फानं गेलेली होती.

पुतणी : तात्या, एक बोलू? रागावू नका. लहानपणी मी तुमच्या ट्रॅक्समागून सायकलनं शाळेला जायची. चढावर तुम्ही गिअर टाकला की काळा लोट. आता दवाखान्यात दमेकरी म्हातारी माणसं नेब्युलायझरला येतात तेव्हा मला तो लोट आठवतो. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच सांगितलंय.

तात्या : (जरा थांबून) तो धूर मीच सगळ्यात जास्त खाल्ला पोरी. खरं आता नव्या गाडीच्या सायलेन्सरला पांढरा रुमाल धरला तरी काळा होत न्हाई म्हणतात.

पुतणी : नवीन आहे तोवर. जाळी काढून नळी सरळ करून देणारे लोकही आहेतच की. दिवा लागायचा त्रास वाचतो म्हणून. मागून सायकलनं येणाऱ्या पोरीला ते कोण सांगणार?

तिच्या या बोलण्याला मी काही जोडत नाही. फक्त एवढंच, की जाळी नीट असलेली बीएस-६ डिझेल गाडी कणांच्या बाबतीत खरोखर स्वच्छ आहे आणि जाळी काढून टाकलेली गाडी बेकायदा आहे.

तात्या : बरं, तुझ्या पेट्रोलचं तरी कुठं खरं हाय? त्यात आता आपल्याच उसाचं इथेनॉल घालतात. मायलेज पडतं, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खराब होतात, असं सगळी बोलतात.

पुतणी : एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्या त्याला चालतील अशाच बनवल्यात. माझी नवीच असणार.

तात्या : आणि मायलेज?

पुतणी : ते पडतं. त्यासाठीच मी बावीस न धरता १९ धरलं.

तिनं ते धरलं हे शहाणपणाचं. २०१४ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल होतं, २०२५ मध्ये वीस टक्के झालं. उद्दिष्ट २०३० चं होतं, ते पाच वर्षं आधी गाठलं. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. सरकार म्हणतं, या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाडीत मायलेज एक-दोन टक्के पडतं, इतर गाड्यांत तीन ते सहा. लिटरचे पैसे मात्र तेवढेच घेतले जातात, आणि ही गोष्ट ग्राहकाच्या बाजूनं बरोबर नाही असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरीकडं, याच इथेनॉलवर कारखान्यांच्या हाती लवकर पैसा येतो आणि उसाचं बिल थकण्याची भीती कमी होते. नेसरीच्या पंचक्रोशीत गाडीवाला आणि ऊसवाला बहुतेक वेळा एकच माणूस असतो, त्यामुळं त्यानं नेमकं कुणाच्या बाजूनं बोलावं हा पेच आहेच. पावसाळ्यात एवढी काळजी घ्यावी : इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या पेट्रोल गाडीची टाकी रिकामी ठेवू नये.

तात्या : मग सेकंड हँड डिझायर बघू. २०१८-१९ ची, डिझेल. तिला ती जाळी-बिळी न्हाई. मिस्त्रीला पाठ हाय. बावीस सहज देतीय.

तात्यांचा हा सगळ्यात भक्कम डाव, आणि पुतणी पहिल्यांदाच गप्प झाली असती तर मला नवल वाटलं नसतं. बहुतेक बीएस-४ गाड्यांत डीपीएफ नव्हताच. ९१ रुपयांना २२ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला चार रुपये चौदा पैसे. नव्या छोट्या पेट्रोल गाडीपेक्षा एक रुपया चाळीस पैशांनी स्वस्त. वर्षाला साडेसोळा हजार वाचले, आणि गाडीची किंमतही कमी.

पुतणी : वाचले, पण टर्बो किंवा क्लचचं काम एकदा निघालं की दोन वर्षांची बचत गेली. मीटर मागं फिरवलाय का, कोण सांगणार? आणि मला पहाटे अडीचला सुटी होते. मला अशी गाडी पाहिजे की जिच्याकडं बघावं लागत नाही. २०१८ ची गाडी २०३३ ला पंधरा वर्षांची होईल. मग पुन्हा आरटीओ, फिटनेस, हरित कर.

तात्या : दिल्लीत दहा वर्षांचा नियम हाय म्हणतात डिझेलला.

पुतणी : तो हरित लवादाचा २०१५ चा आदेश, दिल्ली आणि आसपासच्यासाठी. नेसरीला लागत नाही. तरी गाडी विकायला गेलं की घेणारा तेच पहिल्यांदा काढतो.

रात्री अडीचचा मुद्दा कुठल्याही हिशेबात बसत नाही, आणि तरी माझ्या लेखी तोच निर्णायक आहे. महागाव ते नेसरी या टप्प्यात त्या वेळी रस्त्याला चिटपाखरू नसतं. ज्याला तिथं बॉनेट उघडता येतं त्यानं जुनी डिझेल जरूर घ्यावी, पैशाला ती सगळ्यात सरस आहे. ज्याला येत नाही त्यानं वॉरंटीतली साधी गाडी घ्यावी.

तात्या : मग डिझेल कुणी घ्यायचंच न्हाई म्हणतीस?

पुतणी : असं कुठं म्हणाले? दादाला घेऊ दे. तो रोज बेळगावला जातो. ऐंशी किलोमीटर. वर्षाला चोवीस हजार. होसूरचा घाट, मागं दुकानाचा माल. त्याला मोठीच गाडी लागते, मग पेट्रोल कशाला? त्याचे वर्षाला साडेशेहेचाळीस हजार वाचतील. तुमचे ते सव्वा लाख अडीच-पावणेतीन वर्षांत फिटले.

तात्या : म्हंजे डिझेल चांगलंच हाय.

पुतणी : दादाच्या रस्त्याला.

तात्या : आणि तुझ्या रस्त्याला पेट्रोल. ठीक हाय. खरं माझं एक ऐक. शोरूमवाला ट्रायल देताना गडहिंग्लजात सपाट रस्त्यावर नेऊन आणील. तसं नको. मला, तुझ्या आईला आणि दादाला मागं बसव, एसी लाव आणि गाडी चढावर घे. मधेच थांबव, हँडब्रेक लाव, आणि तिथनं परत उचल. पहिल्या गिअरात उचलून दुसरा सहज पडला तर घे. आणि मायलेज त्येच्या कागदावरचं धरू नको. टाकी गच्च भर, आठवडाभर ड्यूटीला जा, त्याच पंपावर त्याच नळीनं परत गच्च भर आणि भाग.

पुतणी : रविवारी येता?

तात्या : येतो. सकाळी लवकर जाऊ, नंतर रस्त्याला ट्रॅक्टर लागतात.